पिएरचा वेटसूट: पिसं गेलेल्या पेंग्विनचं एक प्रकरण

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये स्टाइनहार्ट मत्स्यालय आहे. तिथल्या आफ्रिकन पेंग्विनांच्या वसाहतीत पिएर नावाचा एक नर होता. २००८ साली त्याचं वय २५ होतं. निसर्गात या जातीचे विशी ओलांडणारे पक्षी फार थोडे, त्यामुळे पिएर चांगलाच म्हातारा म्हणायचा. तरी वसाहतीत त्याचा दरारा होता. अशा या दांडग्या नराची पिसं गेली आणि नवी येईनात. मागच्या बाजूला तर फिकट गुलाबी कातडी उघडी पडली. बाकीचे एकोणीस पेंग्विन पाण्यात सूर मारत, तेव्हा पिएर काठावर थंडीने थरथरत उभा असायचा. पाण्यात उतरायला तो तयारच नव्हता.

मत्स्यालयाच्या ज्येष्ठ जीवशास्त्रज्ञ पॅम शॅलर यांनी शेवटी त्याच्यासाठी वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात ऊब टिकवणारा रबरी पोशाख, शिवून घेतला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ही बातमी जगभर गेली आणि सूट घातलेल्या पिएरचे फोटो लोकांनी कौतुकाने पाहिले. कौतुक मलाही आहे, पण ते सूटपेक्षा तो निवडण्यामागच्या विचाराचं. पेंग्विनच्या देखभालीतल्या बऱ्याच गोष्टी या एका प्रकरणात एकत्र येतात, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

पिसं गेली म्हणजे नक्की काय गेलं

सील किंवा व्हेल यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो आणि थंड पाण्यात तोच त्यांना तारतो. पेंग्विनच्या अंगावरही चरबी असते, पण त्याचा मुख्य भरवसा पिसांवर. ही पिसं आखूड, ताठ आणि एकमेकांवर घट्ट बसलेली असतात. प्रत्येक पिसाच्या बुडाशी मऊ लव असते आणि त्या लवेत हवा अडकून राहते. पेंग्विन पोहून बाहेर येतो तेव्हा वरून ओलाचिंब दिसतो, पण आत कातडी कोरडीच असते. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिथलं तेल चोचीला लावून तो ते पिसांवर फिरवत राहतो. पाहणाऱ्याला वाटतं पक्षी नटतोय. प्रत्यक्षात तो आपलं जलरोधक कवच दुरुस्त करत असतो.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं, आणि पेंग्विनच्या शरीराचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस राखावं लागतं. आफ्रिकन पेंग्विन बर्फात राहणारा नाही. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या किनाऱ्यांवर, समशीतोष्ण हवेत तो राहतो. पण तिथला समुद्र बेंग्वेला प्रवाहामुळे थंडच असतो. म्हणजे जमिनीवर ऊन सोसायचं आणि पाण्यात गारठा, ही दुहेरी कसरत तो पिसांच्या जोरावर करतो. डोळ्याच्या वर जी उघडी गुलाबी कातडी दिसते, तिच्यातून जास्तीची उष्णता बाहेर टाकता येते. पिएरच्या बाबतीत उष्णता बाहेर टाकणारी जागाच भलतीकडे आणि भलत्या आकाराची झाली होती.

निरोगी पेंग्विनचीही पिसं वर्षातून एकदा जातात, पण सगळी एकदम आणि ठरल्या क्रमाने. आधी काही आठवडे पक्षी भरपूर खाऊन जाड होतो. मग नवी पिसं खालून वर येऊ लागतात आणि जुन्यांना ढकलून बाहेर काढतात. नवी पुरेशी वाढेपर्यंत जुनी पिसं त्यांच्या टोकांना चिकटून राहतात, त्यामुळे पक्षी गबाळा दिसतो पण उघडा पडत नाही. आफ्रिकन पेंग्विनमध्ये हे साधारण तीन आठवडे चालतं. तेवढ्या काळात निसर्गातला पक्षी पाण्यात जाऊ शकत नाही, म्हणजे मासेही मिळत नाहीत, आणि त्याचं वजन जवळजवळ निम्म्यावर येतं. मत्स्यालयात समोर मासळी असते, तरी या दिवसांत बरेच पक्षी तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत.

हे मोल्टिंग, म्हणजे पिसं बदलणं, कधीकधी अडतं. जुनी पिसं झिजतात, तुटतात, काही ठिकाणी गळून जातात, पण खालून नवी उगवत नाहीत. बंदिस्त जागेतल्या पक्ष्यांमध्ये हे दिसतं आणि त्याची कारणं अनेक असू शकतात. वय, पोषण, आजार, हॉर्मोन्स आणि प्रकाश ही त्यांतली मुख्य. प्रकाशाचं महत्त्व पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दिवस किती मोठा आहे यावरून पक्ष्याचं शरीर ऋतू ओळखतं. छताखालच्या दालनात बारा महिने सारखेच दिवे जळत राहिले तर अंड्यांचं आणि पिसांचं वेळापत्रक बिघडू शकतं. म्हणून चांगल्या मत्स्यालयात दिवे उजळण्या-मावळण्याच्या वेळा त्या जातीच्या ऋतूंप्रमाणे बदलत ठेवतात.

उपाय निवडण्याआधी

अशा पक्ष्याच्या त्रासाचं कारण आधी रोजच्या नोंदवहीत शोधायचं असतं. आफ्रिकन पेंग्विनच्या छातीवर काळ्या ठिपक्यांची नक्षी असते आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. तरी गर्दीत पटकन ओळखू यावं म्हणून पंखाच्या मुळाशी रंगीत पट्टी लावतात. कोणी किती मासे खाल्ले, कोणी तोंडात घेऊन टाकून दिला, कोणाला जीवनसत्त्वाची गोळी गेली, याची नोंद त्या पट्टीवरून होते. मासा गोठवलेला असतो. गोठवून ठेवल्यावर आणि वितळवताना त्यातलं ब-१ जीवनसत्त्व घटत जातं, काही जातींच्या माशांत तर ते मोडणारं एन्झाइम आधीच असतं. म्हणून कीपर, म्हणजे पक्ष्यांची देखभाल करणारा, ठरावीक माशाच्या कल्ल्यात गोळी दडवतो आणि तो मासा डोक्याच्या बाजूने नेमक्या पक्ष्याच्या चोचीत देतो. डोक्याकडून दिला की खवले आणि काटे घशात उलटे अडत नाहीत. ती गोळीवाली मासळी शेजारच्याने पळवली तर एक पक्षी दोनदा औषध घेतो आणि एक उपाशी राहतो. कीपरची अर्धी हुशारी इथेच लागते.

वजनाचा कल, रक्ततपासणी, कातडीवर परजीवी किंवा बुरशी आहे का, हे सगळं बघून झालं आणि उपचार करण्याजोगा आजार सापडला, तर गोष्ट सोपी. नाही सापडला तर समोर एक म्हातारा, उघडा, थरथरणारा पक्षी उरतो आणि त्याच्यासाठी काहीतरी करावंच लागतं.

औषधांनी मोल्टिंग सुरू करून द्यायचा मार्ग पशुवैद्यकांकडे आहे, हॉर्मोन्स देऊन. पण मोल्टिंग हे पेंग्विनच्या वर्षातलं सगळ्यात महागडं काम. आधीच कुडकुडत असलेल्या २५ वर्षांच्या पक्ष्याच्या शरीरावर ते लादणं म्हणजे धोका आहे.

शॅलर यांनी आधी उष्णतेचा दिवा लावून पाहिला. पहिला उपाय म्हणून तो योग्यच होता, कारण त्यासाठी पक्ष्याला हातही लावावा लागत नाही. पण दिव्याची अडचण अशी की तो पक्ष्याला एका जागी बांधून ठेवतो. ऊब फक्त त्याच्याखाली, म्हणून पेंग्विन तिथून हलत नाही. पाणी तर आणखी दूर पडतं.

पाण्यापासून दूर राहिलेल्या पेंग्विनचं पुढे काय होतं हे मत्स्यालयात काम करणारे चांगलं जाणून असतात. हा पक्षी आयुष्याचा मोठा भाग तरंगण्यात काढतो, त्याचे पाय दिवसभर अंगाचं ओझं पेलण्यासाठी घडलेले नाहीत. कडक, ओल्या फरशीवर तासन्‌तास उभं राहिलं की तळव्याची कातडी दबून गुळगुळीत होते, मग तिला चीर पडते, आत जंतू शिरतात आणि सूज येते. याला बम्बलफूट म्हणतात. दुर्लक्ष झालं तर संसर्ग हाडापर्यंत पोचतो. दुसरं असं की न पोहणाऱ्या पक्ष्याची उरलेली पिसंही मळतात आणि त्यांची पाणी अडवण्याची ताकद जाते. व्यायाम नाही, म्हणून भूक मंदावते. आणि वसाहतीतलं स्थान हलतं. आफ्रिकन पेंग्विन जोडीने राहतात, आपली घरट्याची जागा भांडून राखतात. जो काठावर कुडकुडत उभा आहे त्याची जागा घ्यायला दुसरा नर वाट बघत बसत नाही.

म्हणजे दिवा ऊब देत होता, पण पिएरचं पेंग्विन म्हणून जगणं बंदच होतं. मला वाटतं या प्रकरणाचा कणा हाच आहे. उघड्या कातडीवर झाकण घालणं हा प्रश्नाचा छोटा भाग होता. खरी गरज होती ती नवी पिसं येतील तेव्हा येतील, तोवर त्याला पाण्यात आणि आपल्या माणसांत, म्हणजे आपल्या पेंग्विनांत, ठेवण्याची.

सूट कसा झाला

सॅन फ्रान्सिस्कोजवळचं पॅसिफिकचं पाणी थंड असतं आणि तिथे माणसं वेटसूट घालूनच पोहतात. शॅलर यांना कल्पना तिथून सुचली. डायव्हिंगची साधनं बनवणाऱ्या ओशियानिक वर्ल्डवाइड या कंपनीने सूट शिवायची तयारी दाखवली. धड झाकणारा, पंखांसाठी दोन छोटी भोकं असलेला आणि पाठीवर व्हेल्क्रोने बंद होणारा असा तो सूट झाला.

एका वाक्यात सांगून झालं, पण त्यातली मेहनत मापात होती. शॅलर पिएरच्या मागे मागे चालत, कुठे फट राहते आहे ते बघत, तेवढा भाग कापून पुन्हा बसवत, पुन्हा बघत. असं सूट अंगाला लागून बसेपर्यंत चाललं. ही फट का महत्त्वाची? वेटसूट पाणी पूर्ण अडवत नाही. कातडी आणि कापड यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो आणि अंगाच्या उबेने तो कोमट होतो. सूटच्या रबरी कापडातल्या, म्हणजे निओप्रीनमधल्या, वायूच्या बुडबुड्यांमुळे ती ऊब बाहेर जात नाही. फट असेल तर प्रत्येक बुडीबरोबर गार पाणी आत शिरतं, कोमट बाहेर जातं, आणि सूट फक्त ओझं ठरतो. शिवाय फुगलेल्या कापडाने पोहण्याचा वेग मोडतो.

उलट फार घट्टही चालत नाही, आणि इथे पक्ष्यांच्या शरीराची एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड खाली-वर करून ते हवा आत-बाहेर करतात. छातीभोवती काही आवळलं तर नाक आणि चोच मोकळी असूनही पक्षी गुदमरतो. पक्षी हातात धरायला शिकवताना पहिला धडा हाच असतो की छाती दाबायची नाही. तेव्हा पेंग्विनचा सूट म्हणजे पोटापाठीला चिकटलेला पण छातीला हलू देणारा, पंखाच्या काखेत न घासणारा, मागे विष्ठेची वाट मोकळी ठेवणारा असा लागतो. पाण्यात पेंग्विनचे पंख वर-खाली दोन्ही वेळा जोर लावतात, काखेत कापड जरा कडक राहिलं तरी कातडी सोलवटते. पाठीवरच्या व्हेल्क्रोचा फायदा असा की घालणं-काढणं झटपट होतं. पक्षी जितका कमी वेळ हातात, तितका त्याला ताण कमी.

असा सूट चालू असताना रोज तो काढून कातडी तपासावी लागते. ओल साचली, लाली आली, बुरशीचा वास आला, तर थांबावं लागतं. सूट अंगावर असेपर्यंत झाकलेल्या भागावर चोच पोचत नाही, म्हणजे तिथली साफसफाई आणि तेल लावणं बंद. आणि नवी पिसं रक्ताने भरलेल्या नळ्यांसारखी वर येतात, ती दाबली गेली तर दुखतात, मोडली तर रक्त येतं. म्हणून ज्या दिवशी पहिले अंकुर दिसतात त्या दिवसापासून सूटचं माप आणि वेळ दोन्ही नव्याने ठरवावं लागतं.

एक भीती आणखी होती, बाकीचे पेंग्विन सूटवाल्या पिएरला स्वीकारतील का. वेगळ्या दिसणाऱ्याला टोचून हाकलणं वसाहतीत घडू शकतं. तसं झालं असतं तर सूट कितीही छान बसला असता तरी उपयोग शून्य. सुदैवाने कुणी हरकत घेतली नाही. पिएर सूटसकट त्यांच्यात मिसळला.

पिसं सूटमुळे आली का?

सूट चढवल्यावर साधारण सहा आठवड्यांत पिएरचं वजन वाढलं, मागच्या भागावर पिसं उगवली, आणि त्याचा जुना रुबाब परत आला. शॅलर यांनी तेव्हाच सांगितलं की बरं होण्यात सूटचा वाटा किती हे खात्रीने सांगता येणार नाही, पण कठीण काळात त्याला आराम देता आला एवढं नक्की. जगभर कौतुक चाललेलं असताना इतक्या नेमकेपणाने बोलणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

सूटच्या बाजूने बोलणारं तर्कशास्त्र भक्कम आहे. पीस केराटिनचं बनतं, केराटिन हे प्रथिन आहे, आणि प्रथिन मासळीतून यायचं. उघडा पक्षी खाल्लेल्याचा मोठा भाग ऊब टिकवण्यात जाळतो, मग पिसांसाठी उरणार काय? पिसं नाहीत म्हणून ऊब जाते, आणि ऊब जाते म्हणून पिसं येत नाहीत. सूटने हे चक्र तोडलं असेल. याला दुसरीकडूनही आधार मिळतो. २००६ पासून दक्षिण आफ्रिकेतल्या पुनर्वसन केंद्रात आफ्रिकन पेंग्विनच्या काही पिल्लांची पिसं जाण्याचा विकार दिसला. ही पिल्लं भर दुपारी, इतर पिल्लं सावली शोधत असताना, उन्हात उभी राहत, आणि त्यांची वाढ सावकाश होई. उघडेपणाची किंमत शरीर वाढीतून चुकवतं, हे त्यातून दिसतं. त्यांतल्या बहुतेकांची पिसं पुढे आपोआप आली, हेही विसरू नये.

नेमकं हेच दुसऱ्या बाजूचं म्हणणं. पिएरचं अडलेलं मोल्टिंग त्याच सुमाराला स्वतःहून सुटलं असेल, तर सूट नसतानाही पिसं आली असती. मोल्टिंगला तीन आठवडे लागतात आणि इथे सहा गेले, त्यामुळे काळाचा हिशोब दोन्ही शक्यतांना जुळतो. एकच पक्षी, तुलनेला दुसरा नाही. शिवाय सूटबरोबर त्याच्याकडे लक्षही जास्त गेलं असणार, आणि जास्त लक्ष गेलेला पक्षी बऱ्याचदा जास्त खातो.

माझा निष्कर्ष असा: तो पाण्यात परतला याचं श्रेय सरळ सूटचं. वजनात सूटचा वाटा बहुधा आहे. पिसांबद्दल ठाम काही म्हणता येत नाही. आणि पिसं आली नसती तरीही सूट योग्यच होता, कारण त्याने पक्ष्याला त्याचं रोजचं जगणं परत दिलं.

पिएर एकटा नाही. इंग्लंडमधल्या मारवेल प्राणिसंग्रहालयात राल्फ नावाचा हम्बोल्ट पेंग्विन होता. त्याची जुनी पिसं सगळी एका दमात गळत आणि नवी येईपर्यंत तो उघडा पडे. त्यालाही वेटसूटचा तुकडा घातला, पण तिथे भीती उन्हाने कातडी भाजण्याची होती. २०१५ मध्ये ऑरलँडोच्या सीवर्ल्डमध्ये वंडर ट्विन नावाच्या ॲडेली पेंग्विनला, म्हणजे थेट अंटार्क्टिकाच्या जातीला, पिसं गेल्यावर सूट शिवला. प्रश्न तिन्ही ठिकाणी वेगळा, त्यामुळे सूट कधी घालायचा आणि कधी काढायचा याचे नियमही वेगळे. राल्फला घरात आणल्यावर सूटची गरज उरत नाही. पिएरला पाण्यात उतरताना तो हवाच.

पिएर त्यानंतर बरीच वर्षं जगला आणि २०१६ साली, वयाच्या ३३व्या वर्षी गेला. इतकं आयुष्य हे चांगल्या देखभालीचं फळ, आणि तोच मत्स्यालयांपुढचा नवा प्रश्नही. मोतीबिंदू, सांधेदुखी, अडलेलं मोल्टिंग असलेले म्हातारे पेंग्विन निसर्गात क्वचितच दिसतात, कारण तिथे ते टिकतच नाहीत. त्यामुळे त्यांच्या आजारांचं ज्ञान मत्स्यालयांतच गोळा व्हायचं आहे. आफ्रिकन पेंग्विन २०१० मध्ये संकटग्रस्त ठरला आणि २०२४ मध्ये अतिसंकटग्रस्त. निसर्गात आता १०,००० पेक्षा कमी जोड्या उरल्या आहेत. अशा जातीचा प्रत्येक पक्षी, प्रजननाचं वय उलटलेला असला तरी, काहीतरी शिकवून जातो.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या पेंग्विनवर सूट चढवायची वेळ आली, तर काही कामं पहिल्याच दिवशी करून ठेवायला हवीत. उघड्या भागाचे एकाच अंतरावरून, एकाच प्रकाशात दर आठवड्याला फोटो. रोजचं वजन आणि माशांची मोजणी, सूटच्या आधीच्या काही आठवड्यांसकट. पाण्यात किती वेळ गेला, तळव्यांची स्थिती काय, दालनातल्या दिव्यांच्या वेळा काय होत्या. आणि पुढच्या वर्षी मोल्टिंगच्या आधी पक्षी वेळेवर जाड झाला का, पिसं सगळीकडून सारखी सुटली का, हे पाहिल्याशिवाय प्रकरण संपलं असं नोंदवहीत लिहू नये.